सिमेंटप्पा

कलबुर्गीत भाड्याचं घर शोधायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो. आमचं आडनाव ऐकलं की घरमालकांना एकदम आठवायचं, घर कालच एका नातेवाइकाला कबूल केलंय. आम्ही आळंदकडचे बौद्ध. मी कॉलेजात भूगोल शिकवते, नवरा विमा कचेरीत आहे, दोघांचे पगार वेळेवर होतात. पण बोलणं पगारापर्यंत पोचतच नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्यामुळं बऱ्याच नातेवाइकांना घरं मिळाली.

शेवटी एका दलालानं जरा संकोचतच एक घर दाखवलं. "वरचा मजला मोकळा हाय. पर मालक जरा असे हायत," म्हणून त्यानं कानाजवळ बोट फिरवलं. घर बघून मला वाटलं, बांधकाम अर्धवट सोडलंय. रंग नाही, गिलावा नाही. नुसत्या राखाडी सिमेंटच्या भिंती, आणि त्यांवर ओतकामाच्या वेळच्या फळ्यांचे ठसे, लाकडाच्या गाठींसकट. मालक बाहेर आले. सत्तरीच्या आसपासचे, उंच, काटकुळे, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "भिंतीला खिळे मारता का?"

"न्हाई," नवरा म्हणाला.

"कॅलेंडर?"

"दोरीला बांधू."

"मग या राहायला."

राहायला गेल्यावर आणखी दोन अटी निघाल्या. भिंतीला रंग लावायचा नाही आणि पूर्वेच्या खिडकीला पडदा लावायचा नाही, कारण सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर कुठपर्यंत यावं हे त्यांनी घर बांधतानाच ठरवलं होतं. आम्ही रविवारीसुद्धा त्यांनी ठरवलेल्या वेळेला उठू लागलो.

गल्लीत त्यांना सिमेंटप्पा म्हणत. खरं नाव मल्लप्पा-शरणप्पाच्या चालीवरचंच होतं, त्यामुळं नवीन नाव जुन्याच्या जागी बेमालूम बसलं. भाजीवालीसुद्धा दारातून हाक मारायची, "सिमेंटप्पा, मेथी पायजे का?" आणि ते शांतपणे मेथी घ्यायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते मला एरवी मॅडम म्हणत आणि खुशीत असले की तंगी, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांची मराठी पुस्तकी होती. राग आला की कानडी सुरू व्हायची, आणि आमच्या तोंडची बोली त्यांच्या तोंडी फक्त फार आनंद झाला तर यायची. ती मी मोजक्या वेळा ऐकली.

मूळचे ते अफझलपूर तालुक्यातल्या करजगीचे. लिंगायत घर, घरी तुरीची शेती. मुंबईला जाऊन वास्तुकला शिकले, पण हे एक घर सोडून जन्मात काही बांधलं नाही. "बांधणारे खूप आहेत. बघणारे कमी आहेत," असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी बघण्याचंच काम केलं. स्वातंत्र्यानंतर देशानं सिमेंट-काँक्रीट हातात घेऊन जे जे उभं केलं, धरणांवरच्या कचेऱ्या, विद्यापीठं, बसस्थानकं, कामगारांच्या वसाहती, त्या सगळ्याचा इतिहास त्यांनी लिहिला आणि त्याची प्रदर्शनं मांडली. दिल्लीत मांडली, युरोपात मांडली. एका मोठ्या संग्रहालयात ते क्युरेटर होते. हे सगळं आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. गल्लीला यातलं काहीच माहीत नव्हतं. गल्लीच्या मते पैसे संपल्यामुळं बिचाऱ्याच्या घराचा रंग राहिला होता.

संग्रहालय सुटलं तरी तिथली सवय सुटली नव्हती. घरातल्या प्रत्येक वस्तूपाशी एक पांढरं कार्ड लावलेलं असे. वस्तू काय, कशाची केलेली, कुठून आली, आणि शेवटच्या ओळीत तिची स्थिती. पाण्याच्या माठाला कार्ड होतं, चपलांच्या कपाटाला होतं, मोडक्या छत्रीलाही होतं. एकदा माझ्या आईनं आळंदहून लोणचं पाठवलं, म्हणून मी एक बरणी खाली नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी बरणीपुढं कार्ड: 'कैरीचं लोणचं. आळंद. कैरी, मोहरी, मीठ, तेल. भाडेकरूंकडून भेट. स्थिती: उत्तम.' महिन्याभरानं काही कामासाठी खाली गेले तर शेवटची ओळ खोडलेली होती आणि तिथं लिहिलं होतं, 'स्थिती: संपत आलं आहे.' मी आणखी एक बरणी आणून दिली. ही नोंद होती की मागणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांना भेटायला अधूनमधून हैदराबादहून, बेंगळूरहून माणसं यायची. आलेल्या माणसाला बिदर बघायचं असायचंच, आणि सर हौसेनं घेऊन जायचे. एकदा गाडीत जागा होती म्हणून मीही गेले. किल्ल्याच्या दारापर्यंत पोचलो, पाहुण्यांनी कॅमेरे काढले, आणि सरांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. मग गावाबाहेरच्या एका जुन्या सरकारी पाण्याच्या टाकीखाली आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. सरांनी टाकीच्या खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला, बाजारात कलिंगड बघतात तसा. प्रत्येक इमारतीशी त्यांची ओळख अशीच व्हायची. एका पाहुण्यानं भीतभीत विचारलं, "सर, किल्ला संध्याकाळी बंद होतो ना?"

"होतो," सर म्हणाले. "किल्ल्याला बघायला रोज माणसं येतात. हिच्याकडं कोण बघणार?" आणि ते टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेले.

हे सगळं सहन करता यायचं. घर मात्र मे महिन्यात सहन व्हायचं नाही. कलबुर्गीचं ऊन, वर उघडं सिमेंट. दिवसभर प्यालेली उष्णता भिंती संध्याकाळपासून परत करायला लागायच्या. आम्ही गच्चीवर झोपायला जायचो तर तिथं आधीच सरांचा पलंग मांडलेला असायचा. मी एकदा विचारलं, की एवढ्या विचारानं बांधलेल्या घरात स्वतः मालकाला झोपता येत नाही, हे कसं? सरांनी थोडा विचार केला. "ह्या वास्तूची एक मर्यादा आहे," ते म्हणाले. "ती मे महिन्यात दिसते."

माझ्या चुलत बहिणीचं लग्न आळंदला होतं. सरांना पत्रिका द्यायला गेले, तर मुलगी कोण, मुलगा काय करतो, काही न विचारता त्यांनी विचारलं, "हॉल कुठला?"

"आमच्या समाजाचाच हाय, जुना. छताला घड्या घड्या हायत."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि लग्नाला येतो म्हणाले.

त्या लग्नात सर लोकांच्या कायमचे लक्षात राहिले. आत पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि पंगत बसायच्या आधी हॉलच्या बरोबर मधोमध फरशीवर उताणे झोपले. बायका बाजूला सरकल्या. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"सर, चक्कर आली का?"

"नाही. छत बघतोय."

अण्णांनीही वर बघितलं. "कामून? गळायलंय का?"

सर उठून बसले. त्यांनी खिशातली लग्नपत्रिका काढून दोन हातांत सपाट धरली आणि तिच्यावर कुणाला तरी पाण्याचा पेला ठेवायला सांगितला. पत्रिका वाकली, पेला घसरला, अण्णांचं धोतर भिजलं. मग सरांनी पत्रिकेला पंख्यासारख्या बारीक घड्या घातल्या, ती दोन ताटांच्या कडांवर ठेवली आणि तिच्यावर भरलेला पेला ठेवला. पेला उभा राहिला. "तुमचं छत असं आहे," सर म्हणाले. "पातळ आहे, पण घडीमुळं उभं आहे. असं काम ह्या दोन जिल्ह्यांत दुसरं नाही." नवरा-नवरीसुद्धा वर बघायला लागले. आमचा जन्म त्या छताखाली गेला, आणि ते बघण्यासारखं आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

हॉलची गोष्ट अण्णांनी सांगितली. धम्म स्वीकारल्यावर आमच्या लोकांना लग्नाला जागा कुणी देईना. देवळाचं मंगल कार्यालय तर नाहीच, शाळेचं पटांगणसुद्धा नाही. तेव्हा वस्तीनं स्वतः हॉल बांधायचं ठरवलं. त्या काळात आळंदला एक तरुण सरकारी इंजिनियर बदलून आला होता. सिमेंट फार थोडं मिळालं होतं, म्हणून त्यानं छत पातळ धरलं आणि त्याला घड्या घातल्या. एक पैसा घेतला नाही. काम पुरं व्हायच्या आत त्याची पुन्हा बदली झाली, आणि त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. सगळे त्याला इंजिनियरसाहेब म्हणत. बाया-माणसांनी शेतातून आल्यावर काम केलं. माझी आत्या तेव्हा परकरात होती, तिनं सिमेंटची घमेली वाहिली.

इंजिनियरचं नाव सरांनी पुढं फार शोधलं. मिळालं नाही.

त्यानंतर सरांच्या आळंदच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा ते आमच्या घरी जेवायला येणार होते तेव्हा त्यांनी अण्णांना फोनवर बजावलं, "काही करू नका हं. भाकरी आणि शेंगाची चटणी असली तरी पुरे." आईनं पुरणपोळी केली, कटाची आमटी केली, भजी तळली, आणि वर भाकरी आणि शेंगाची चटणीही केली. ताट बघून सर म्हणाले, "मी तर सांगितलं होतं, काही करू नका."

"ते तुम्ही म्हणायचं असतंय," अण्णा म्हणाले. "आम्ही करायचं असतंय."

सर हसले आणि पोळीवर तूप वाढून घेतलं. त्यांना ते वाक्य आवडलं, पण कळलं असं काही नाही. शिकलेल्या माणसाला वाक्य आवडलं की तो तिथंच थांबतो.

हॉलवर त्यांनी मोठा लेख लिहिला. तो परदेशातल्या एका नियतकालिकात फोटोंसह छापून आला, आणि सरांनी आमच्या ओट्यावर बसून अण्णांना तो मराठीत समजावून सांगितला. लेखाचा सगळा भर त्या हॉलच्या उघड्या भिंतींवर होता. ज्या लोकांना सगळीकडून नकार मिळाला, त्यांनी सजावटीलाच नकार दिला. भिंत जशी आहे तशी ठेवली, गिलाव्याखाली, रंगाखाली काही लपवलं नाही. देशातल्या मोठमोठ्या वास्तुकारांना जो प्रामाणिकपणा साधला नाही तो आळंदच्या मजुरांना साधला. अण्णा मान हलवत होते. "व्हय, व्हय," म्हणत होते.

सर गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, खरंच असं ठरवून ठेवला होता व्हय बिनरंगाचा?"

"कुठलं गं," अण्णा म्हणाले. "पैसे संपले, रंग राहिला. पुढल्या जयंतीला लावू, पुढल्या जयंतीला लावू म्हणत राहिलाव."

"मग सांगितलाव कामून न्हाई त्यास्नी?"

"एवढं चांगलं बोलायलेत आपल्याबद्दल. मधीच कामून बोलावं?"

मलाही ते ऐकायला बरं वाटलं होतं, त्यामुळं मीही काही बोलले नाही. अशा रीतीनं आळंदचा राहिलेला रंग जागतिक वास्तुकलेच्या इतिहासात एक तत्त्व म्हणून दाखल झाला.

पुढच्या वर्षी माणिकनं हॉल पाडायची गोष्ट काढली. माणिक माझा चुलत भाऊ, समाजाच्या कमिटीचा अध्यक्ष, छोटी-मोठी कंत्राटं घेतो. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. हॉल लहान पडत होता, पावसाळ्यात दोन घड्यांच्या मधून पाणी टपकायचं, आणि आपल्याच पोरी लग्नाला उमरग्याचा हॉल बघा म्हणू लागल्या होत्या. त्याला दोन मजली इमारत बांधायची होती, खाली जेवण, वर लग्न, दारात मोठी कमान.

मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते छत्रीच्या कार्डाची शाई पुसट झाली म्हणून ते नव्यानं लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग, मी विचारलं नव्हतं तरी, त्यांनी मला एका मोठ्या शहरातल्या वाचनालयाची गोष्ट सांगितली. त्या इमारतीवर त्यांनी अर्धं आयुष्य लिहिलं होतं. ती पाडायचं ठरलं तेव्हा त्यांनी जगभरातल्या विद्वानांच्या सह्या गोळा केल्या, कोर्टात गेले, वर्तमानपत्रांत लिहिलं. इमारत पडलीच. नोकरी सोडून ते इकडं परत आले ते त्या वर्षी.

"सह्या करणाऱ्यांपैकी एकही माणूस तिथं बसून वाचत नव्हता," सर म्हणाले. "आणि तिथं बसून वाचणाऱ्यांना आम्ही काही विचारलंच नव्हतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता हाही हॉल गेला, तर मी जन्मभर नुसतं बघतच बसलो असं होईल."

मला त्यांची दया आली. आली तशी ती लपवायचीही गरज पडली नाही, कारण ते भिंतीकडं बघत होते.

कमिटीची बैठक हॉलमध्येच झाली. सर खूप वेळ बोलले. त्यांनी ब्राझीलची गोष्ट सांगितली, जपानची सांगितली. लोक मान देऊन ऐकत होते आणि मधूनमधून घड्याळ बघत होते. शेवटी माणिक उठला.

"सर, तुमचा शब्द मोठा हाय. पर फोटोत हॉल चांगला दिसतो म्हणून लग्नं होत न्हाईत. लोकास्नी लाज वाटायलीय इथं पाव्हणे आणायला."

तेव्हा अण्णा म्हणाले, "असं करू. सरास्नी एक प्रदर्शन भरवू द्या हितं. बाहेरची माणसं येतील, आपली बी बघतील. मग पाडायचं का ठिवायचं ठरवू."

"बरं," माणिक म्हणाला.

सरांनी ठरवलेलं प्रदर्शन त्यांच्यासारखंच होतं. चित्र नाही, फोटो नाही, काहीच नाही. रिकामा हॉल हेच प्रदर्शन. सकाळी ऊन एका बाजूच्या घडीवर पडतं ते संध्याकाळी दुसऱ्या बाजूला कसं जातं, एवढंच लोकांनी बघायचं. जागोजागी पांढरी कार्डं असतील. बेंगळूर, हैदराबादला निमंत्रणं गेली. कमिटीची माणसं विचारायला आली, "सर, आम्ही काय करावं?"

सरांनी हात जोडले. "काही करू नका," ते म्हणाले. "झाडून घ्या, बस्स. दुसरं काहीसुद्धा करू नका."

मी तिथंच होते. मला त्या वाक्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. माणिकनं आणि अण्णांनी एकमेकांकडं बघितलं, दोघांनी मान हलवली, आणि मला वाटलं, चला, पटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सकाळीच कलबुर्गीहून निघालो. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, मांडीवर कार्डांचा डबा होता. हॉलच्या फाटकापाशी गाडीतून उतरलो आणि वास आला. ऑइलपेंटचा वास. सर फाटकातच थांबले.

हॉल रंगवला होता. भिंती आकाशी. छताची एक घडी पांढरी, एक निळी, एक पांढरी, एक निळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली भिंतीला हातभर चॉकलेटी पट्टा, पोरांच्या पायांचे डाग दिसू नयेत म्हणून. दारात माणिक, अण्णा, आत्या, शेजारपाजारची माणसं ओळीनं उभी होती, कुणाच्या कोपराला निळा, कुणाच्या केसांना पांढरा लागलेला.

"सर, तुम्ही म्हणलाव काही करू नका," माणिक म्हणाला. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं. "पर एवढे मोठे पाव्हणे यायलेत. तसंच कसं ठिवावं?"

सर आत गेले. भिंतीजवळ जाऊन त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. पेराला आकाशी रंग लागला. ते त्या बोटाकडं बघत राहिले. आता कानडी सुरू होणार म्हणून मी तयार होते. पण सर कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत. ते हॉलच्या मधोमध गेले, आणि लग्नाच्या दिवशी झोपले होते तसे फरशीवर उताणे झोपले.

दारातल्या माणसांचे चेहरे हळूहळू उतरले. आत्या पुढं झाली आणि त्यांच्या डोक्याशी बसली. "आवडलं न्हाई व्हय, सर?"

"कुणी लावला रंग?" सरांनी वर बघतच विचारलं.

"समद्यांनीच. पोरी बी होत्या, सुना बी. वरचं पोरं केली. खालचा पट्टा मी लावले." मग ती म्हणाली, "तवा घमेली वाहिलाव, समदं केलाव. रंग तेवढा राहिला होता बगा. लई वर्सं मनात होतं."

"राहिला होता?"

"पैसेच संपले की हो."

सरांनी मान वळवून अण्णांकडं बघितलं. अण्णा छत बघू लागले.

मला वाटतं, सरांचं म्हातारपण त्या क्षणी सुरू झालं. त्याआधी ते नुसते वयस्कर होते. ते उठले, आत्यानं त्यांना हात दिला. त्यांनी डबा उघडून कार्डं चाळली, त्यातली बरीचशी परत डब्यात ठेवली, आणि कोपऱ्यात बसून काही नवी लिहायला घेतली.

बेंगळूरचे पाहुणे आले. त्यांतल्या एका नामांकित वास्तुकारानं दारातच कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"ज्यांनी बांधलं त्यांनी," सर म्हणाले.

"हा रंग काढता येईल. आता त्याची तंत्रं आहेत. मी माझी माणसं पाठवतो."

"काही करू नका," सर म्हणाले. या वेळीही ते त्यांनी मनापासूनच म्हटलं होतं, पण पाहुणा बेंगळूरचा असल्यामुळं त्यानं खरंच काही केलं नाही.

दिवसभर आळंद लोटलं. सरांच्या निमंत्रणानं कुणी आलं नसतं. हॉल रंगवलाय हे बघायला सगळे आले. पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांमुळं छताच्या घड्या लांबून दिसत होत्या. ज्यांनी तिथं शंभर लग्नं जेवली होती ती माणसं तोंड वर करून फिरत होती आणि एकमेकांना दाखवत होती. माझी चुलत बहीण नवऱ्याला घेऊन आली आणि तिनं त्याला पत्रिकेवरचा पेला पुन्हा करून दाखवला.

संध्याकाळी कमिटी चटईवर बसली. सर भिंतीला न टेकता ताठ बसले होते; भिंत अजून ओली होती. सगळ्यांना वाटलं, आता चर्चा होणार. चहा आला. माणिकनं एक घोट घेतला, छताकडं बघितलं आणि म्हणाला, "आता रंग लावलाव. आता कामून पाडायचं?"

"व्हय की," कुणीतरी म्हणालं. "चार दिवस समदी राबलेत."

"गळतंय तिथं डांबर वतू. आन् जेवणाचं शेड मागच्या जागंत करू."

"बरं."

एवढंच. मतदान नाही, ठराव नाही. ज्या गोष्टीसाठी सर जगभरातल्या सह्या गोळा करून हरले होते, ती गोष्ट इथं चहाच्या एका कपात झाली. आणि बशा गोळा करता करता पुढच्या जयंतीला कुठला रंग लावायचा याची चर्चा सुरू झाली.

परत येताना सर बराच वेळ खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होते. मग म्हणाले, "मी लिहिलं ते चूक होतं."

"व्हय, सर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी पेराला लागलेला रंग अंगठ्यानं खरवडला, तो निघाला नाही. "पर उभा हाय," सर म्हणाले. "हॉल उभा हाय न्हवं, तंगी." त्यांच्या तोंडून आमची बोली ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हरला दिसू नये म्हणून मी दुसऱ्या खिडकीकडं वळले.

त्या दिवशी लिहिलेलं एक कार्ड हॉलच्या दारापाशी अजून आहे. माणिकनं त्याला काच बसवून घेतली. 'सभागृह. आळंद. सिमेंट, खडी, लोखंड, रंग. बांधणारे: इथले लोक. स्थिती: वापरात.'

दसऱ्याच्या आधी सर एकदा जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नसत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुम्हाला रंग लावायचा असेल तर लावा. तुमच्या मजल्यापुरता."

माझ्या नवऱ्यानं आम्ही राहायला आल्या वर्षी रंगाच्या दुकानातून छटांचं एक पुस्तक आणलं होतं आणि ते गादीखाली होतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुठला लावावा, सर?"

"मला विचारू नका." त्यांनी हात लांब करून भिंतीवरच्या एका फळीच्या ठशावरून, लाकडाच्या गाठीवरून तळवा फिरवला. "मला काही हरकत नाही," ते म्हणाले आणि खाली गेले.

आम्ही दोघं त्या भिंतीकडं बघत बसलो. नवऱ्यानं गादीखालचं पुस्तक काढलं, चाळलं, आणि परत ठेवून दिलं.

"ते त्यांनी म्हणायचं असतंय," तो म्हणाला.

महिन्याभरानं सरांनी जिन्यात विचारलं, "रंग लावला नाही?"

"न्हाई झालं, सर," मी म्हणाले. "कॉलेजच्या परीक्षा होत्या. पुढल्या वर्षी लावू."

सरांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "व्हय, व्हय," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी लावा. गडबड न्हाई."

सर जाऊन आता काही वर्षं झाली. घर करजगीच्या त्यांच्या पुतण्याकडं आहे, आम्ही वरच राहतो. पुतण्या भला माणूस आहे, दर दिवाळीला रंग लावून देऊ का म्हणून विचारतो. आळंदहून कुणी पाहुणे आले की चहा पिताना भिंतींवरून नजर फिरवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "कामून गं, रंग न्हाई लावलाव? काही अडचण हाय का?"

"न्हाई," मी म्हणते. "पुढल्या वर्षी लावू."